खालचा नव्वद

डॉक्टर छाबडांनी पट्टा सोडला.
वरचा ठीक, खालचा नव्वद. चालायला लागा.
म्हटलं, चालतेच की, एकवीस वर्षं,
लॅबच्या या टेबलापासून त्या टेबलापर्यंत.

म्हणून सियागंज.
मुर्तझाभाईंच्या दुकानात सायकली छताला टांगलेल्या,
खालून दिसतात नुसती पोटं आणि साखळ्या.
सगळ्यात महाग होती ती त्यांनी एका बोटावर तोलून दाखवली,
आणि परत अडकवून ठेवली.
"ये आपके लिए नहीं है दीदी. अभी नहीं."

मग आतून एक निळी काढली, कुणीतरी वापरलेली.
भिंतीला धरून मला वर बसवलं.
टाच पॅडलवर, पॅडल पार खाली,
गुडघा सरळ होईल तिथे सीट.
हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं,
कुठून धरायचं हे विचारायची लाज वाटली.
न विचारताच म्हणाले,
ब्रेकपर्यंत बोट पोचेल तिथून.

हेल्मेट मात्र नवंच. त्यात घासाघीस नाही.
भुवईच्या वर दोन बोटं.
माझा अंबाडा आडवा आला.
तिथेच, मडगार्डांच्या ढिगाशेजारी उभं राहून
पिना तोंडात धरून
मी वेणी घातली, शाळेनंतर पहिल्यांदा.

पंप. जास्तीच्या दोन ट्यूब.
टायर उचकटायचे प्लास्टिकचे चमचे. मागचा लाल दिवा.
गादीची चड्डी त्यांच्या मुलीने काउंटरखालून
वर्तमानपत्रात गुंडाळून दिली,
कानाशी येऊन म्हणाली, आत दुसरं काही घालायचं नाही हं.

घरी श्रीनिवासने बिल उलटसुलट वाचलं.
"यात डबल डोअर फ्रीज आला असता."
आणि रात्री कुणी न सांगता
टीपॉय सरकवून तिला जागा केली.

हवा: पुढे पंच्याऐंशी, मागे नव्वद.
नव्वद ऐकून मला हसू आलं.
मुर्तझाभाईंना कळेना, यात हसण्यासारखं काय.
आणि काटा नसेल तेव्हा?
अंगठा, ते म्हणाले. दाबून बघायचं.

रविवारी, उजाडायच्या आत, भंवरकुआं ओलांडून खंडवा रोड.
तेजाजी नगरपर्यंत मी आणि कुत्री.
पुढे सिमरोलची दिशा, हलका चढ,
दिसत नाही पण मांड्यांना कळतो.
गिअर उलट बदलला, साखळी कुरकुरली, पुन्हा बदलला.
आणि मग मागून एक मऊपणा,
रस्ताच जणू पिठाचा झाला.

बाभळीचा काटा.
चाक काढलं. टायर चमच्यांनी सोडवला.
ट्यूब फुगवून ओठांजवळून फिरवत नेली,
फुंकर लागली तिथे भोक.
टायरच्या आतून बोट फिरवलं, अगदी हळू,
हे काम मला येतं.
शीर बोटाने शोधायची, अंगठ्याने खालून ताणून धरायची,
नाहीतर ऐन वेळी सरकते.
म्हातारे, मधुमेही, सुई दिसताच मान फिरवणारे हवालदार,
कुणाची कुठे लपते ते बोटाला ठाऊक असतं, मला नाही.
काटा सापडला. नखाएवढाही नव्हता.

एक दूधवाला थांबला. "क्या हुआ भिया?"
वळून पाहिलं तर हेल्मेटखाली बाई.
काही न बोलता त्याने सायकल धरली,
मी पंप मारत राहिले, मोजत राहिले,
एकशे तीसनंतर मोजणं सुटलं.
काटा नसलेला पंप.
अंगठा ठेवला. दाबला.
टायर आत गेला नाही.

घाट राहिलाच त्या दिवशी.
वळले, राऊचा फलकही पाहिला नाही,
छावणीत उभ्याने पोहे खाल्ले, वर जिरावण जास्त.

सोमवारी पहिलाच पेशंट, सतरा-अठराचा मुलगा,
माझ्या नखांतलं काळं बघत बसला.
साखळीचं ग्रीस, म्हटलं. घासूनही जात नाही.
हातमोजा चढवला.
मूठ घट्ट आवळ.